हमजा नावाचा नेमका अर्थ काय, आणि मुलाला ठेवावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या महिन्यात डिलिव्हरी आहे, मुलगा झाला तर हमजा ठेवायचं तुमच्या मनात आहे, पण घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. नणंद म्हणते या नावाला काही अर्थच नाही. नेटवर शोधलं तर एके ठिकाणी सिंह, दुसरीकडे कणखर आणि तिसरीकडे चक्क एक पालेभाजी. सासऱ्यांना वाटतं शेवटी आ येतो म्हणून हे मुलीचं नाव वाटतं. मिस्टर दोह्याला, त्यांचं म्हणणं की हे आता गल्लोगल्ली झालंय. आणि मराठीत हमजा लिहायचं की हमझा, हा तुमचा स्वतःचा प्रश्न.

मी गल्फला जाणाऱ्यांच्या कागदपत्रांचं अरबी भाषांतर करतो, जन्माचे दाखले, निकाहनामे, डिग्र्या, हेच रोजचं काम, आणि त्याआधी बरीच वर्षं अरबी शिकवायचो. मला वाटतं तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक नावाच्या अर्थाचा, आणि दुसरा जो तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलाय तो कागदावरच्या स्पेलिंगचा. माझ्या अनुभवात लोक पहिल्यावर महिनाभर वाद घालतात आणि दुसरा दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्यावर सोडून देतात. अर्थाबद्दल मी बऱ्यापैकी ठाम सांगू शकतो. कॉमन आहे का हे तुम्ही कुठं राहणार त्यावर आहे. आणि ठेवावं की नाही हे शेवटी घरचं, त्यात मी फक्त माझं मत देईन.

आधी अर्थ. नावाची मुळाक्षरं तीन, ह-म-ज, आणि यातला ह साधा नाही, घशातून जोरात येणारा, ज्याला उर्दूवाले बडी हे म्हणतात. (हे लक्षात ठेवा, खाली याचंच महाभारत आहे.) जुन्या अरबी कोशांत या धातूखाली जे येतं ते सगळं तिखटपणाचं आणि कणखरपणाचं आहे. दूध जरा आंबून जिभेला चुरचुरायला लागलं की त्याला हे क्रियापद, आंबटसर डाळिंबाला यातलंच विशेषण, आणि ज्याचं काळीज घट्ट आहे, डोकं तल्लख आहे अशा माणसालाही यातलाच शब्द. म्हणजे मूळ कल्पना एकच, जी गोष्ट मिळमिळीत नाही, जिचा चटका जाणवतो ती.

आता ती पालेभाजी. ती थाप नाही बरं का. पैगंबरांची सेवा करणारे अनस बिन मालिक लहान असताना एक रानभाजी खुडायचे, तिचं नाव हमजा, आणि त्यावरून पैगंबरांनी त्यांना अबू हमजा म्हणायला सुरुवात केली असं अनस स्वतः सांगतात, ही रिवायत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली नोंद, तिर्मिजी या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि वागणं यांच्या नोंदी) आहे. चवीला तिखट अशी पाल्याची भाजी, आपल्याकडे कच्ची मोहरीची पानं खाल्ली की नाकात जातं ना, साधारण त्या जातीची समजा. तेव्हा कणखर, तिखट आणि भाजी हे तीन वेगळे अर्थ नाहीतच, एकाच मुळाचे फाटे आहेत.

मग सिंह कुठून आला? काही कोशांत सिंह असाही अर्थ दिलेला असतो, पण तोसुद्धा त्या कणखरपणावरूनच. माझ्या मते नेटवरचा सिंह हा शब्दातून कमी आणि माणसातून जास्त आलाय. तो माणूस म्हणजे हमजा बिन अब्दुल मुत्तलिब, पैगंबरांचे चुलते. नात्याने चुलते पण वयाने जवळजवळ बरोबरीचे, दोघांना सुवैबा नावाच्या बाईने दूध पाजलं म्हणून दूधभाऊही. शिकारीचा नाद. एकदा शिकारीवरून परत येताना त्यांना कळलं की मक्केतला पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहल याने पुतण्याला, म्हणजे पैगंबरांना, वाटेल तसं बोललंय, तर घरी न जाता सरळ काबाजवळ गेले आणि हातातलं धनुष्य त्याच्या डोक्यात घातलं, आणि तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मीही त्याच्याच धर्माचा. तोवर मक्केत मुसलमानांना कुणीही यावं आणि त्रास द्यावा अशी गत होती, त्यांच्यासारखा दणकट माणूस बाजूला आल्यावर जरा फरक पडला. पुढे बद्रच्या लढाईत, ६२४ साली, ते पुढच्या फळीत होते आणि ६२५ साली उहुदच्या लढाईत वहशी नावाच्या माणसाने लांबून फेकलेल्या भाल्याने ते पडले. असदुल्लाह म्हणजे अल्लाहचा सिंह ही त्यांची पदवी, आणि दुसरी सय्यदुश्शुहदा, शहिदांचे सरदार. उमरा-हजला गेलेले लोक मदिन्यात उहुदच्या पायथ्याशी जिथं सलाम करायला जातात, तिथंच त्यांची कबर आहे. तुमच्या सासरच्यांपैकी किंवा शेजारपाजारच्यांपैकी कुणीतरी नक्की जाऊन आलं असेल, त्यांना विचारा.

तर नणंदबाईंना सांगा, अर्थ आहे आणि चांगला आहे. फक्त असदचा जसा सरळ सिंह होतो तसा हमजाचा एका शब्दात होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी एवढंच म्हणतो की शब्दकोशातला अर्थ बघा जरूर, पण अरबी नावात खरं वजन ते नाव आधी कुणी वागवलं याचं असतं. पैगंबरांनी काही लोकांची नावं बदलली हे माहिती असेल तुम्हाला, आसिया म्हणजे नाफरमान, आज्ञा न मानणारी (ही इजिप्तचा राजा फिरऔन याची बायको आसिया नव्हे, अरबी स्पेलिंग वेगळं) अशा नावाच्या मुलीचं त्यांनी जमीला केलं. ज्या नावाचा अर्थ वाईट ते बदलायचं ही त्यांची पद्धतच होती. हमजा तर त्यांच्या स्वतःच्या घरातलं नाव, इस्लामच्या आधीपासून अरबांत चालत आलेलं, ते तसंच राहिलं. एवढ्यावर माझा तरी विषय संपतो.

दोन दुरुस्त्या मात्र करतो कारण नेटवर सर्रास दिसतात. हमजा हे नाव कुराणात नाही. कुराणी नाव म्हणून यादीत टाकलेलं असतं ते चूक आहे, आणि कुराणात नाही म्हणून ते कमी प्रतीचं होतं असंही नाही, हसन-हुसेनही नावं म्हणून कुराणात नाहीत. दुसरं, पैगंबरांना सर्वात आवडतं नाव हमजा होतं अशी एक रिवायत फॉरवर्ड होत असते, तिच्या भक्कमपणाबद्दल हदीसच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. अल्लाहला सर्वात प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, ही सही मुस्लिम या संग्रहातली हदीस मात्र पक्की. तेव्हा सासऱ्यांना पटवायला ती फॉरवर्ड वापरू नका, गरजही नाही.

आता सासऱ्यांचा मुद्दा, आ ने संपतं म्हणून मुलीचं वाटतं. हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी यायचा आणि तो रास्त आहे, कारण अरबीत शेवटी जे गोल ते नावाचं अक्षर येतं ती स्त्रीलिंगाचीच खूण. फातिमा, आयेशा, खदीजा, सगळ्यांच्या शेवटी तोच. पण तल्हा बघा, उसामा, हुजैफा, उबैदा, हंजला, सगळे पुरुष, आणि त्यातले बरेच नावाजलेले लढवय्ये. कारण यातली काही नावं मुळात एखाद्या झाडाझुडपाची किंवा वस्तूची आहेत, आणि त्या वस्तूचा शब्द स्त्रीलिंगी होता म्हणून तो शेवट नावाला चिकटून आला. तल्हा म्हणजे बाभळीच्या जातीचं काटेरी झाड. हंजला म्हणजे कडू इंद्रावण. अलकमा हेही कडूपणावरूनच. जुने अरब मुलांना मुद्दाम अशी काटेरी, कडू, तिखट नावं ठेवायचे. दहाव्या शतकातला कोशकार इब्न दुरैद याचं कारणही नोंदवून ठेवतो, की मुलांची नावं ते शत्रूला डोळ्यासमोर ठेवून द्यायचे आणि गुलामांची नावं स्वतःच्या कानाला गोड लागतील अशी. मला हे फार आवडतं. हमजा या रांगेत अगदी चपखल बसतं, तिखट भाजीचं नाव, मुलाचं नाव, आणि पुढे जाऊन तो मुलगा खरंच तसा निघाला. व्याकरणाचा शेवट स्त्रीलिंगी असला तरी माणूस पुल्लिंगी, क्रियापद पुल्लिंगी, अरबीत हमजा आला असंच म्हणतात. आणि आपल्या मराठीत दादा, काका, बाबा आ नेच संपतात ना.

पसरलं कसं हे थोडक्यात, कारण यावरच मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शिया आणि सुन्नी दोघांनाही हे नाव तितकंच जवळचं, त्यामुळे ते कुठल्या एका गटाचं राहिलं नाही. कुराण पढण्याच्या ज्या सात मान्य पद्धती आहेत त्यातल्या एकीचे इमाम हमजा अज्जय्यात, इराकमधल्या कूफ्याचे, आठव्या शतकातले, अज्जय्यात म्हणजे तेलवाले, ते कूफ्याहून हुलवानला तेल घेऊन जायचे म्हणून. उस्मानी तुर्कांबरोबर हे नाव बाल्कनमध्ये गेलं, बोस्नियात आजही मुलांच्या नावांत ते अगदी वरच्या नंबरांत असतं. इंडोनेशियात हमजाह हाज २००१ ते २००४ उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि तिथला मोठा कवी अमीर हमजाह राष्ट्रीय वीर मानला जातो. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर हमजा युसूफ आठवत असतील, २०२३-२४ चे.

आपल्या बाजूला या नावाची हवा झाली ती दास्तानीमुळे, म्हणजे लांबलचक अद्भुत गोष्टीमुळे. अमीर हमजाची दास्तान, जिन्न, पऱ्या, जादूगार, आणि सगळ्यात मजेशीर तो हमजाचा हिकमती साथीदार अमर अय्यार आणि त्याची न भरणारी झोळी. कथेतला हमजा नावापुरता पैगंबरांचा चुलता, बाकी सगळी भटकंती इराण-तुर्कस्तान-हिंदुस्तानातली आणि कल्पनेतली. अकबर बादशहाला ही इतकी आवडायची की १५६२ च्या आसपास त्याने ती चितारायला घेतली, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली, कापडावर, सुमारे १४०० मोठी चित्रं, आणि काम पंधराएक वर्षं चाललं. त्यातली आता दोनशेच्या आतच उरलीत. १८८१ साली लंडनच्या म्युझियमसाठी खरेदी करायला आलेल्या पर्डन क्लार्कला यातली काही श्रीनगरच्या एका दुकानात सापडली, खिडक्यांना थंडी अडवायला लावलेली! विषयांतर झालं, पण सांगायचं हे की आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत अमीर हमजा हे जोडनाव जे दिसतं त्यामागे धर्माबरोबर ही गोष्टही आहे. नुसतं हमजा, पुढे-मागे काही नाही, ही पद्धत नंतरची.

तर गल्लोगल्ली झालंय का? भारतात जन्मनोंदणीवरून मुलांच्या नावांची क्रमवारी सरकार काढत नाही, त्यामुळे इथला नंबर कुणी सांगत असेल तर तो त्याच्या वेबसाइटच्या क्लिकवरून आहे, मनावर घेऊ नका. इंग्लंड-वेल्समध्ये दरवर्षी यादी निघते आणि हमजा तिथं पहिल्या शंभरात आलेलं नाव आहे, पण ते प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात, म्हणजे शेवटी एच लावलेला हमजा वेगळा आणि एचनंतर यू घातलेला वेगळा. तिन्ही एकत्र केले तर नंबर अजून वर जाईल. माझ्या टेबलावर येणाऱ्या दाखल्यांवरून सांगायचं तर रत्नागिरी-रायगडच्या लहान मुलांत हे नाव पूर्वीपेक्षा नक्कीच जास्त दिसतं, अयान, झैद, रेहान यांच्याबरोबरीने. दोह्यात वर्गात दुसरा हमजा असण्याची शक्यता चांगलीच आहे. चिपळूणच्या शाळेत कदाचित असेल कदाचित नसेल. मला स्वतःला हे कारण नाव सोडण्याइतकं मोठं वाटत नाही, हे नाव चौदाशे वर्षं कुठं ना कुठं चालूच आहे, आज आलं उद्या गेलं अशातलं नाही. पण मिस्टरांना वेगळेपणच हवं असेल तर ती त्यांची आवड आहे, तिला मी चूक म्हणणार नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर अर्थ उत्तम, नाव पक्कं मुलाचं, आणि कॉमन आहे पण उथळ नाही. आता कागद, आणि इथं कृपा करून लक्ष द्या, कारण सुधारायला धावपळ होते ती इथंच.

मगाशी म्हटलं तो ह. अरबीत ह दोन आहेत, बडी हे आणि छोटी हे. इंग्रजीत दोघांना एकच एच. आणि छोटी हे लावून लिहिलं तर हमजा हा वेगळाच शब्द होतो, अलिफ या अक्षरावर बसतं ते लिपीतलं छोटं चिन्ह, त्याचंही नाव हमजाच. त्याच छोट्या हे वाल्या धातूतून हुमजा म्हणजे मागे चहाड्या करणारा, टोचून बोलणारा, कुराणातली १०४ वी सूरह त्याच नावाची आहे आणि तिची सुरुवातच अशा माणसाच्या नाशाने होते. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे छोटी हे पडली की वाचणारा यातलं काहीही वाचू शकतो. गल्फमध्ये पासपोर्टवरचं इंग्रजी नाव बघून अरबी टाइप करतात, बरेचदा सॉफ्टवेअरच करतं, आणि मी असे कार्ड बघितलेत ज्यावर पोराचं नाव छोट्या हेने आणि शेवटी गोल ते ऐवजी सरळ अलिफ. असं नाव वाचताना अरब कारकून अडखळतो, आणि मग शाळेचा दाखला एका स्पेलिंगचा, कार्ड दुसऱ्या, अशी रांग लागते.

इंग्रजीत माझा सल्ला सरळ आहे, एच-ए-एम-झेड-ए, पाच अक्षरं, बस. एचनंतर यू घालणारे चूक नाहीत, कप-बसमधला यू जसा उच्चारतात त्या हिशोबाने ते लिहितात, पण ज्याला ते माहीत नाही तो हुमजा वाचतो आणि आपल्याला तेच टाळायचंय. शेवटचा जास्तीचा एच लावला तर बिघडत काही नाही, फक्त मग आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर तो लावायची जबाबदारी तुमची.

मराठीत हमजा की हमझा? मी हमजा लिहितो. मराठी माणूस मजा, दर्जा, जरा यातला ज जसा म्हणतो तसाच तो इथं आपोआप म्हणेल, आणि तो मूळ उच्चाराच्या पुरेसा जवळ आहे, मजा हा शब्द तर फारसीतल्या त्याच अक्षरातून आलाय. पण सरकारी कॉम्प्युटर झेड दिसला की झ छापतो, त्यामुळे दाखल्यावर हमझा आलं तर त्यासाठी भांडत बसू नका, आधारवर आणि शाळेत पण तेच ठेवा. दोन्ही चालतात. दोन्ही मिसळलेली चालत नाहीत.

नोंदणीची घाई करू नका पण विसरूही नका. जन्माची नोंद २१ दिवसांत, नाव त्या वेळी ठरलं नसेल तर रकाना मोकळा ठेवून १२ महिन्यांच्या आत फुकट टाकता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावाने करायची कुर्बानी, करून घरात नाव ठेवा, कागदावर स्पेलिंग शांतपणे ठरवून मग टाका, काही हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावर जे छापलं तेच पुढे सगळीकडे जाणार. आपल्याकडे बरकत म्हणून पुढे मोहम्मद लावतात, लावायचं असेल तर पूर्ण लिहा, इंग्रजीतला एम-ओ-एच-डी हा चार अक्षरांचा शॉर्टकट नको, तो शॉर्टकट मग अरबीत कसा लिहायचा यावर काउंटरवर वाद होतात. आणि आडनावाचा रकाना, पारकर असो, मुकादम असो, काझी असो, रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेणार नाही असा नियम यूएईने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला तेव्हा आडनावच नसलेल्या लोकांची फार अडचण झाली होती.

मिस्टरांना आजच एक काम सांगून ठेवा. दोह्याला मुलाचा रेसिडेन्स परमिट करताना अरबी नाव टाइप होईल तेव्हा पहिलं अक्षर बडी हे आणि शेवटचं गोल ते आहे ना, हे सबमिट करायच्या आधी स्क्रीनवरच बघून घ्यायचं. जन्मदाखल्याचं अरबी भाषांतर सोबत असेल तर ते पुढे करायचं, टाइप करणारा त्यावरूनच उतरवतो.